किटलीतले पतंग

आम्ही त्या बेटावर गेलो ते तांदळाच्या दाण्याएवढे पतंग जिवंत पकडून आणायला. वाघ नाही, मगर नाही, बुडालेल्या जहाजातलं सोनं नाही. पतंग! मित्रांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले, आणि खरं सांगायचं तर होडीत पाय ठेवेपर्यंत मीही हसतच होतो.

मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दोर, कप्प्या आणि अंधारे खड्डे हे माझं जग. किड्यामुंग्यांशी माझा संबंध चप्पल उगारण्यापुरता. पण माझी ताई संग्रहालयाच्या पतंग विभागात काम करते. मेलेल्या पतंगांचे पंख पसरून त्यांना टाचणीवर बसवण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही. आणि मावशी, म्हणजे आमच्या आईची धाकटी बहीण, शहरातल्या वनस्पती उद्यानाची प्रमुख. या दोघी एकत्र बसून हळू आवाजात बोलू लागल्या की आपल्याला काहीतरी जड उचलावं लागणार, हे मी लहानपणापासून ओळखून आहे.

उद्यानाच्या मागच्या भिंतीलगत मावशीच्या त्या झाडांची रांग होती. कधीकाळी कुण्या खलाशाने दूरच्या बेटावरून आणलेल्या बियांपासून वाढलेली ती झाडं. दर वर्षी बारीक हिरवट फुलांनी लगडायची आणि दर वर्षी ती सगळी फुलं तशीच गळून पडायची. एकाही झाडाला कधी फळ धरलं नाही. माळी त्यांना वांझ म्हणायचे. मावशीसमोर एकाने तो शब्द काढला, त्यानंतर कोणी काढला नाही. मावशीने लग्न केलं नव्हतं, आणि त्या झाडांना ती 'माझ्या पोरी' म्हणायची. त्यांची कलमं जगत नव्हती. कुंचल्याने पराग लावून झाले होते, त्याचाही उपयोग झाला नव्हता. आता खोडं आतून पोकळ व्हायला लागली होती आणि गेल्या वादळात एक पोर आडवी झाली होती.

आणि मग ताईला संग्रहालयाच्या एका खणात तो राखाडी पतंग सापडला. त्याच बेटावरचा, आणि सोंडेला चिकटलेली पिवळी भुकटी मावशीच्या झाडांच्या परागांची! म्हणजे त्या फुलांत फळ धरवणारं हे पाखरू होतं, आणि ते आपल्याकडे नव्हतं म्हणून पोरी रित्या राहत होत्या.

"मग बेटावरून बियाच आणू की पुन्हा," मी म्हटलं.

"बिया आणल्या तर झाडं येतील," मावशी म्हणाली. "तीही अशीच म्हातारी होतील, आणि तेव्हा मी नसेन. पाखरू आणायला हवं, राजा. आणि ते आत्ताच. तो डोंगर पुन्हा धुमसायला लागलाय म्हणतात."

डोंगराचं तिने इतक्या सहज सांगितलं की घरी गेल्यावरच मला त्याचा अर्थ कळला.

होडीवाल्याला सगळे कप्तान म्हणत. होडी जुनी, इंजिन खोकणारं, पण माणूस पक्का. आमचं सामान चढवताना त्याने नाक मुरडलं. "लिफ्टवाले, या बोचक्यांत काय भरलंय? माझ्या आजीची ट्रंक उघडल्यासारखं वाटतंय!"

आम्ही हसलो. ताईच्या अंगाला संग्रहालयातल्या डांबरगोळ्यांचा वास कायमच येतो. घरात त्यावरून तिची इतकी थट्टा झाली आहे की आता कोणी करतही नाही. पतंगांसाठी तळाला बूच लावलेल्या सुंदर लाकडी पेट्या, जाळ्या, मलमलीचे तुकडे, अगदी बिस्किटंसुद्धा तिने आपल्या विभागातल्या कपाटात नीट रचून ठेवली होती आणि तिथूनच बांधून आणली होती.

बेट दिसलं ते सकाळच्या कोवळ्या उन्हात. काळी वाळू, वर गच्च हिरवं जंगल आणि त्याच्यावर डोंगराचं टोक. त्या टोकातून धुराची एक बारीक रेघ सरळ वर चालली होती. कप्तानाने इंजिन बंद केलं, आणि काहीच ऐकू येईना. किनाऱ्यावर पक्षी ओरडतात. इथे एकही ओरडत नव्हता.

"मी उद्या दिवेलागणीपर्यंत थांबतो," कप्तान म्हणाला. "डोंगराने त्याआधी तोंड उघडलं तर मी निघालो. नंतर शिव्या देऊ नका, तोंडावर सांगतोय."

"तुम्ही थांबाल," मावशी म्हणाली.

"बाई, तुम्ही झाडांवर विश्वास ठेवा. माझ्यावर नको!"

वाळू चपलेतून गरम लागत होती. ऊन अजून चढायचं होतं, तरीही. मी पाठीवर पाण्याचा कॅन घेतला, खांद्यावर दोराचं वेटोळं अडकवलं. ताईकडे पेट्या. मावशीच्या हातात तिची स्टीलची चहाची किटली, तिच्यातही पाणी. ही किटली ती बागेत रोज घेऊन फिरते आणि तिला कुणाला हात लावू देत नाही.

जंगलातून तासभर चढल्यावर झाडं अचानक संपली आणि समोर एक खोलगट जागा आली. परातीसारखी. तळाला लुसलुशीत गवत, वारा नाही, सावली छान. वाट सरळ तिच्यातून पलीकडच्या चढावर जात होती. मी पाऊल टाकणार, एवढ्यात मला गवतातले पक्षी दिसले.

ते झोपल्यासारखे पडले होते. पिसं नीट, जखम नाही, रक्त नाही. त्यांच्यापलीकडे एक उंदीर. त्याच्यापलीकडे खेकडे, पाय पोटाशी घेतलेले. आणि एकाही मेलेल्या जनावरावर माशी नव्हती!

जुन्या इमारतींच्या लिफ्टखाली खोल खड्डे असतात. अशाच एका खड्ड्यात उतरलेला माझा एक जोडीदार परत वर चढला नाही. जड वायू पाण्यासारखा तळाला साचतो, डोळ्यांना दिसत नाही. मी मेणबत्तीचा तुकडा पेटवला, एका चपट्या दगडावर चिकटवला आणि दगड दोराला बांधून हळूहळू उतारावरून खाली सोडला. ज्योत जळत होती. जळत होती. गेली! कुणी फुंकर मारल्यासारखी गेली.

"डोंगराचा श्वास आहे हा," मावशी पुटपुटली. "खाली कोणी उतरायचं नाही. काहीही झालं तरी."

आम्ही काठाकाठाने निघालो. काठ म्हणजे मोडक्या दगडांची अरुंद धार, एकामागे एक चालण्यापुरती. अर्ध्यावर माझ्या पायाखालचा दगड निसटला. मी वाचलो, पण पट्टा तुटला आणि कॅन उड्या मारत थेट परातीच्या तळाला जाऊन पडला. फुटलासुद्धा नाही. पाण्याने भरलेला, पांढराशुभ्र कॅन मेलेल्या पक्ष्यांमध्ये उभा राहिला.

मी दोराला हात घातला. मावशीने माझं मनगट पकडलं. "पाण्यासाठी नाही!"

म्हणजे आता तिघांत एक किटली. आम्ही कॅनकडे पाठ फिरवून चालू लागलो, तरी तो मला बराच वेळ दिसत राहिला.

झाडांची राई दुपारी लागली, आणि मावशी धावली! या वयात, त्या चढावर, साडीचा पदर कमरेला खोचून ती धावत गेली आणि पहिल्याच खोडाला तिने मिठी मारली. तिच्या पोरी म्हणजे या झाडांपुढे लहान मुली. ही झाडं उंच, भरदार, फुलांनी गजबजलेली. पण खालच्या फांद्यांची पानं पिवळी पडली होती, आणि मिठी मारलेल्या मावशीने हळूच पाय उचलून बघितला. मुळांपाशी जमीन पोळत होती. राईच्या वरच्या अंगाला एक झरा होता. त्याचं पाणी वाफाळत होतं आणि त्याला सडक्या अंड्यांची घाण येत होती.

आम्ही बसून राहिलो. जमिनीच्या पोटातून अधूनमधून गुरगुर यायची आणि फुलं आपोआप टपटप गळायची.

संध्याकाळ झाली आणि ते आले. आधी मला वाटलं डोळ्यांपुढे ठिपके नाचताहेत. मग ताईने माझा खांदा इतक्या जोरात दाबला की मी ओरडणारच होतो. राखाडी, पंखांच्या टोकाला पांढरी पट्टी. एकेक मादी एका फुलावर उतरायची, सोंडेने पिवळी भुकटी गोळा करायची आणि मग दुसऱ्या, बंद कळीसारख्या फुलावर जायची. त्या फुलाला वर टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं, आणि ते नुकतंच उघडलेलं होतं. मादी त्या भोकात सोंड खुपसून भुकटी आत दाबायची. एकदा, दोनदा, पुन्हा. मग वळायची, त्याच फुलात एक अंडं घालायची आणि निघून जायची.

"मुद्दाम करतेय ती!" मावशी कुजबुजली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते तिला कळतही नव्हतं. "चुकून नाही, मुद्दाम. पोराच्या जेवणाची सोय करतेय. फळ धरलं की तिची अळी त्यातल्याच दोन-चार बिया खाऊन वाढेल."

अंधार पडेपर्यंत ताईच्या जाळीने पेट्या भरल्या. त्या रात्री आम्ही खुशीत झोपलो, मावशी तर पेटीवर हात ठेवून.

सकाळी सगळे मेलेले होते. पेटीच्या तळाला, पाय वर करून. एकूण एक!

"उकाड्याने?" मी म्हटलं.

"उकाडा तर त्यांचाच आहे." ताईने पेटी नाकाशी नेली. "दुसरं काही नाही यात. वाससुद्धा नाही."

मावशीने पेटी घेतली, हुंगली आणि ती एकदम थांबली. "अगं, वास येतोय की," ती सावकाश म्हणाली. "मला वाटायचं, तुझाच येतोय."

ताईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. किडे मारायलाच तर त्या गोळ्या असतात! ज्या पेट्यांत तिच्या जन्माआधीपासून डांबरगोळ्या ठेवल्या गेल्या, त्यांचं बूच, लाकूड, खिळासुद्धा त्या विषात मुरलेला. जाळ्या तशाच, मलमल तशीच. मेलेल्या पतंगांचा जन्मभर सांभाळ केलेल्या नाकाला तो वास वासच वाटत नव्हता. कप्तानाला पहिल्या मिनिटाला आला होता, आणि आम्ही हसलो होतो.

ताई खाली बसली. "मी मारले," ती म्हणाली.

"रडायचं घरी," मावशी म्हणाली. "आज पुन्हा संध्याकाळ होणार आहे."

तो दिवस फार वाईट गेला. धुराची रेघ आता जाड झाली होती आणि तिचा रंग काळपट होता. दुपारी जमीन हलली. खालून, समुद्राकडून, कप्तानाचा भोंगा ऐकू आला. लांबलचक, चिडलेला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्ही दोघं उतरा," मावशी म्हणाली. "मी संध्याकाळचं आटपून येते." जणू तिला भाजी निवडून यायचं होतं!

कोणीच उतरलं नाही.

वास नसलेली एकच वस्तू आमच्याकडे होती. ऊन कलताना मावशीने किटलीतलं उरलंसुरलं पाणी तिघांना पाजलं, किटली पालापाचोळ्याने कोरडी केली, आत फुलांची एक डहाळी ठेवली आणि तोटीत गवताचा सैल बोळा बसवला. "होडीपर्यंतचाच तर प्रश्न आहे," ती म्हणाली. "होडीवर पाण्याचं पिंप आहे." हिशेब चुकीचा नव्हता. डोंगराने फक्त तो मानला नाही.

पतंग आले, कालच्यापेक्षा कमी. आज जाळी नाही. मी आणि मावशीने ओंजळीत धरून एकेक आत सोडला. ताई हात पाठीमागे बांधून लांब उभी राहिली आणि नुसती सांगत राहिली, "डावीकडे! वरच्या फांदीवर! अलगद!" आयुष्यभर पतंग हाताळलेली माझी बहीण, आणि तिला त्यांना हात लावता येत नव्हता. तिच्याकडे बघवत नव्हतं.

झाकण लागलं, दोरीने आवळलं. मी किटली कानाला लावली. आतून फडफड ऐकू येत होती.

आणि डोंगराने तोंड उघडलं!

आधी धक्का बसला, मग आवाज आला. काळा लोट आकाशात चढला. पानांवर काहीतरी भुरभुरायला लागलं. राख! पेट्या तिथेच टाकून आम्ही पळालो. मावशी पुढे, मधे ताई, मागे मी. उजेड अजून होता, पण तो तपकिरी झाला होता. परातीच्या काठावर आलो, धारेवर चढलो, आणि दुसरा धक्का बसला. मावशी गुडघ्यांवर पडली. किटली तिच्या हातातून सुटली!

ती ठणठणत उतारावरून गेली आणि एका झुडपाला अडकली. तळ अजून बराच खाली होता. पण मेणबत्ती विझली होती ती जागा झुडपाच्या वर होती.

मावशी किटलीकडे बघत राहिली. तिचं ते बघणं मला सहन झालं नाही. मी दोर कमरेला बांधला, दुसरं टोक एका खडकाला वेढा देऊन ताईच्या हातात दिलं.

"नको रे!" ताई किंचाळली.

"श्वास घेणार नाही. गेलो आणि आलो!"

छाती भरून घेतली. उतरलो. पायाखाली राख, निसरडं. झुडूप! हात लांबवला. किटली! कडी बोटात आली. वळलो. वरून एक दगड सुटला आणि नेमका माझ्या गुडघ्यावर बसला. मी ओरडलो. ओरडलो म्हणजे श्वास सोडला, आणि सोडला म्हणजे घेतला.

एकच श्वास! नाकातून डोक्यापर्यंत आग गेली. पाय माझे राहिले नाहीत. गवत अगदी जवळ आलं, आणि झोपावं असं वाटलं. मग कमरेला हिसका बसला.

भानावर आलो तेव्हा मी धारेवर पालथा होतो आणि ओकत होतो. किटलीची कडी अजून बोटांत होती, ती ताईने सोडवून घेतली. डोळे उघडत नव्हते. राख आणि वायू मिळून पापण्यांच्या आत निखारे भरल्यासारखं झालं होतं. घसा आवळला होता, श्वास शिट्टी वाजत आत जात होता. इथून पुढचं मी पाहिलेलं नाही, फक्त ऐकलं आहे.

"वारा पडलाय," मावशीचा आवाज. लायटर खटकला. "गुडघ्यापर्यंत विझतोय. ते वर चढतंय! याला उठव."

"उठून काय? याला दिसत नाहीये! ही धार आंधळ्याने कशी चालायची? दोघी मिळून उचलला तरी बाजूला पाय ठेवायला जागा नाही."

मी 'पाणी' म्हणायचा प्रयत्न केला. आवाज फुटला नाही.

ताई कुठेतरी सरपटत गेली. मग लांबून ओरडली, "मावशी, कपारीत पाणी आहे! वाहतंय, थंड आहे!" ती ओढणी भिजवून घेऊन आली आणि माझ्या डोळ्यांवर पिळली. राखेचा चिखल आणि डांबरगोळ्यांचा झणका! मी तडफडलो. तोंडात अर्धा घोट गेला तो तसाच बाहेर आला.

"ओढणीने नाही जमत," ताई रडत म्हणाली. "भांडं हवं."

माझ्या डोक्याशी किटली होती आणि तिच्यातली फडफड मला ऐकू येत होती. मी मान हलवली. नको, असं मला म्हणायचं होतं. चालेन मी, धरून धरून चालेन. मला मरायची हौस नव्हती, पण ती फुलं, ते खोडाला मिठी मारणं, सगळं माझ्यासमोर घडलं होतं.

"मावशी, आता डोंगर गेला तर हे पुन्हा..." ताई बोलायला लागली.

"माहीत आहे."

"तुझ्या पोरी..."

"झाडं माझी आहेत. हा माझ्या बहिणीचा आहे!" मावशीचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "तिच्यासमोर जाऊन काय सांगू? तुझा मुलगा ठेवून आले, पण पतंग आणलेत, बघ?"

दोरी तटकन तुटली. झाकण उघडलं. काहीतरी माझ्या गालाला घासून गेलं, कपाळाला, ओठाला. इतकं हलकं की ते होतं की नव्हतं कळू नये. मग काहीच नाही. मावशी हळूच, लहान मुलांना रस्ता ओलांडून देताना बोलतात तसं म्हणाली, "जा. जा गं. वर जा."

ताई भरलेली किटली घेऊन आली. माझे डोळे धुतले, पुन्हा भरून आणून धुतले. मी प्यायलो. त्या पाण्याला फुलांचा वास होता आणि जिभेवर बारीक भुकटी लागली. मी ती गिळली. मग मला मावशीचा चेहरा दिसला, राखेने पांढरा झालेला, आणि मी उठून उभा राहिलो.

धार कशी ओलांडली, जंगल कसं उतरलो, ते विचारू नका. मी लंगडत होतो, ताई मला ढकलत होती, वरून दगड कोसळत होते. दिवेलागण टळून गेली होती. किनारा आला. होडी नसणार याची मला खात्री होती.

होडी होती! कप्तान कमरेइतक्या पाण्यात उभा राहून आकाशाला, डोंगराला आणि आम्हाला एकाच दमात शिव्या घालत होता. त्याने मावशीला उचलून आत टाकलं, मला गचांडी धरून ओढलं. इंजिन खोकलं. बंद पडलं! पुन्हा खोकलं. आमच्या मागे समुद्रात तापलेले दगड चर्र करत पडत होते. तिसऱ्यांदा इंजिन लागलं आणि मी आयुष्यात प्रथमच एका यंत्राला हात जोडले.

बेट मागे राहिलं तेव्हा कप्तानाने विचारलं, "मिळाली का पाखरं?"

"मिळाली," मावशी म्हणाली.

त्याने रिकाम्या किटलीकडे पाहिलं आणि सुकाणू धरलं.

पुढच्या काही दिवसांत मासेमारांकडून कळलं की डोंगराचं टोक उरलं नाही. बेट करडं झालंय, त्यावर हिरवं काही दिसत नाही. मी दवाखान्यात होतो. आवाज बसला तो अजून पूर्ण आलेला नाही. मावशी रोज डबा घेऊन यायची, इकडचं तिकडचं बोलायची, पतंगांचं नाव काढायची नाही. तिने मला दोष दिला असता तर बरं वाटलं असतं. एक दिवस मला राहवलं नाही.

"मावशी, तू ते पतंग घरी आणायला हवे होतेस."

"हो," ती म्हणाली. "आणि तुलाही. दोन्ही जमलं नाही. वरण गरम आहे तोवर खा."

घरी सोडलं त्या संध्याकाळी मी उद्यानात गेलो. पोरी फुलल्या होत्या. त्यांचा बहर लांबतो, आणि तो यंदाही लांबला होता. मावशी कुंचला घेऊन उभी होती, नुसतीच. मी फूल जवळून पाहिलं. बंद कळीसारखं, आणि वर ते भोक, दिवस मावळताना उघडलेलं. इतकी वर्षं माळ्यांनी पराग लावले ते सकाळी, आणि असल्या जाड्या कुंचल्याने! भोकाच्या आत काही गेलंच नव्हतं.

ताईने बेटावरून रुमालात बांधून आणलेल्या एका मेलेल्या मादीची सोंड सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. तिला बारीक केस होते. मी विजेच्या वायरीतली तांब्याची सगळ्यात बारीक तार काढली, तिचं टोक दगडावर घासून खरबरीत केलं आणि स्टूल घेऊन झाडाखाली बसलो. भुकटी उचलायची, भोकात खुपसायची, आत दाबायची. एकदा, दोनदा, पुन्हा. पहिल्या आठवड्यात मी फुलंच फाडत होतो. मोठाल्या लिफ्टचे दोर ओढणारे माझे हात!

"अलगद," ताई मागून म्हणायची. "डावीकडे. वरच्या फांदीवर."

"माझ्यासाठी पाखरं सोडलीत ना?" मी माझ्या घोगऱ्या आवाजात म्हणायचो. "आता हा एवढा पतंग पोसा!"

मावशी हसायची आणि माझ्यासाठी किटलीतून चहा ओतायची.

बरीच फुलं गळली. मग काही गळली नाहीत. त्यांची वाटाण्याएवढी फळं झाली, मग सुपारीएवढी. माळी रोज येऊन बघून जायचे, पण हात लावत नव्हते. पहिलं फळ पिकलं तेव्हा मावशीने ते तळहातावर घेतलं आणि नखाने उकललं. आत लालचुटूक सालीच्या बिया गोल बसल्या होत्या. टपोऱ्या, अखंड. मी आनंदाने ओरडलो, निदान ओरडायचा प्रयत्न केला.

मावशी मात्र एकेक बी बोटाने फिरवून पाहत होती, काहीतरी शोधल्यासारखी. शेवटची बी पाहून झाल्यावर तिने पदर डोळ्यांना लावला.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं. "चांगल्या नाहीत?"

"सगळ्या चांगल्या आहेत," ती म्हणाली. "एकही खाल्लेली नाही रे. तिच्या पोराचा वाटा तसाच राहिलाय."

आम्ही तिघंही बराच वेळ तिथेच बसलो. मग ऊन उतरलं, फुलांची भोकं उघडायला लागली, आणि मी तार हातात घेऊन उठलो.